एकाच अंगठ्याच्या अकरा जणी

रूपाबाई भावसिंग आडे यांना सही करता येते. हे आधीच सांगून ठेवते, कारण हिंगोलीतल्या एका तपासणी केंद्रातले कागद बरोबर उलटं सांगतात.

सही त्या मुलीबरोबर शिकल्या. पुजा पहिलीत असताना शाळेतून आली की चुलीजवळ पाटी घेऊन बसायची आणि रूपाबाई भाकरी थापता थापता तिच्या पाटीकडे बघायच्या. पुजाची बाराखडी पुरी झाली तोवर आईला ‘रूपा’ लिहिता यायला लागलं होतं. पुढचं शिकायला सवड मिळाली नाही. वरची रेघ मात्र त्या जास्तच लांब ओढतात, शब्द संपला तरी रेघ चालू राहते. रेशनचं दुकान, बँक, पुजाची शाळा, सगळीकडे तीच सही. तांड्यावरच्या बाया चिडवायच्या, “रूपी, रेघ काय गोरेगावपस्तोर नेती का?”

त्यांचा तांडा सेनगाव तालुक्यात, गोरेगावहून जीपनं अर्ध्या तासावर. मी गोरेगावचीच, आमची तिथं पिठाची गिरणी आहे. तरी मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांची माझी ओळख झाली ती त्यांच्या रक्तातून, आणि तेव्हा त्या मला अकरा जणी वाटल्या.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या छातीत गाठ निघाली. त्या तिला सुपारी म्हणतात. नांदेडला ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली, मग सलाइनमधून औषधं, आणि शेवटी रोज एक गोळी, पाच वर्षं. ही गोळी गाठीला परत येऊ देत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण गोळीनं अंगाची आग होते. भर थंडीत रूपाबाई पदर ओला करून मानेवर टाकत. दोनदा गोळी बंद करायचं मनात आलं, दोनदा पुजानं भांडून चालू ठेवायला लावली. रूपाबाईंचा प्रश्न एकच होता, “गोळी गिळली, पोटात गेली. तिथून ती सुपारीपस्तोर पोचती का न्हाई, हे कोनी बघितलं का?”

हे बघणं हेच माझं काम आहे.

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत आहे. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवली की तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर गव्हाच्या काडाच्या रंगाचं पाणी राहतं. तो प्लाझ्मा. त्यात औषध किती उतरलंय ते आम्ही मोजतो. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातले दोन आहेत की आठ, एवढा बारीक हिशोब आमचं यंत्र देतं. या गोळीचं नाव टॅमॉक्सिफेन. ती गिळली तशी फारशी उपयोगाची नसते. यकृत तिच्यावर काम करतं आणि तिच्यातून एंडॉक्सिफेन नावाचा पदार्थ तयार होतो. राखण मुख्यतः तोच करतो. कच्ची हळद उकडल्याशिवाय बाजारात जात नाही, तसंच हे. काही बायांचं यकृत जन्मतःच हे उकडण्याचं काम नीट करत नाही. आपल्याकडे शंभरात दोन-तीन जणी अशा सापडतात.

गेल्या वर्षी एक अभ्यास सुरू झाला. ही गोळी घेणाऱ्या मराठवाड्यातल्या बायांच्या रक्तात ती किती उतरते, हे बघायचं होतं. हिंगोली जिल्ह्याचे नमुने गोळा करण्याचं काम तिथल्या एका खासगी केंद्राकडे गेलं. नमुन्यांवर नाव नसतं, फक्त क्रमांक. हिंगोलीहून सतरा क्रमांक आले. पहिल्या सहा जणींचे आकडे एकमेकींसारखे नव्हते, जसे नसायलाच हवेत. सातव्या क्रमांकावर मी थबकले. गोळी भरपूर होती, एंडॉक्सिफेन मात्र दोनच्या आसपास. ते सहाच्या वर असावं असं बरेच जाणकार मानतात. अशी एखादी निघते. पण आठवा नमुनाही तसाच निघाला. नववाही. सतराव्यापर्यंत सगळे तसेच.

यंत्र बिघडलं असेल म्हणून मी सगळे नमुने पुन्हा लावले. आकडे तेच आले. अकरा आलेख एकावर एक ठेवले तर पडद्यावर एकच रेघ दिसत होती.

आमचे प्रमुख संतराम सर पडद्याकडे बघून खूश झाले. म्हणाले, “तुमच्या भागातल्या बायांचं यकृतच तसं असेल. छान पेपर होईल यावर.”

“सर, मी त्याच भागातली आहे.”

“मग तुझंही रक्त देऊन बघ,” असं म्हणून ते हसले.

मला हसू आलं नाही. अकरा बायांची गोळी निकामी ठरतेय आणि यांना पेपर दिसतोय. मी लेखी अर्ज दिला, की नमुने ठेवण्याची पद्धत एकदा प्रत्यक्ष तपासावी. गावाकडची आहेस तर तूच जा, म्हणून मलाच पाठवलं.

केंद्र एसटी आगाराच्या मागच्या गल्लीत आहे. अठरा तारीख होती. दार एका बाईंनी उघडलं. हातात फरशीचं फडकं, अंगावर भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं पोलकं. “सायेब नाष्टा करून राहिले, बसा,” म्हणाल्या आणि परत फरशी पुसायला लागल्या.

केंद्राचे मालक किसनराव पोह्याची बशी घेऊनच बाहेर आले. मी गोरेगावची म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. “मंग तुमी घरच्याच की मॅडम. तपासनी म्हनलं की उगं धडकी भरती मानसाला.”

मी फ्रीजर उघडायला सांगितला. प्लाझ्मा उणे वीस अंशाला ठेवायचा असतो आणि त्या फ्रीजरमध्ये दुसरं काहीही ठेवायचं नसतं. वरच्या कप्प्यात नळ्यांची खोकी होती. खालच्या कप्प्यात काळी पिशवी. तिच्यातून तांबूस पाणी गळून एका खोक्यावर गोठलं होतं.

“हे काय आहे?”

“परवा सासरवाडीला कंदुरी होती. मटनाचा वाटा आला. घरी लाइट नव्हती तं इथं आनून ठिवला.” पोह्याचा घास तोंडात ठेवूनच ते सांगत होते. “बंद पिशवी हाय मॅडम, वास लागत न्हाई नळ्यांला.”

तापमानाची वही मागितली. रोज तीन वेळा नोंद करायची असते. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या, उणे वीस, उणे वीस, उणे वीस. त्या अठरा तारखेवर थांबत नव्हत्या. महिना संपेपर्यंतचं तापमान लिहून तयार होतं.

“ही तीस तारीख कशी भरली?”

“सवडीनं भरून ठिवली. मागं पडाय नको.”

त्यांना त्यात काही वाईट वाटत नव्हतं, उलट कामसूपणाचा थोडा अभिमानच होता. मी पाणी मागितलं, पण ग्लासाच्या कडेला पोह्याची हळद लागलेली दिसली आणि तो तसाच ठेवून दिला.

मग संमतीचे कागद मागितले. अभ्यासात येणारी प्रत्येक बाई आपल्या मर्जीनं आली आहे, याची खूण त्यावर असते. पहिल्या सहा कागदांवर चार सह्या, दोन अंगठे. सातपासून सतरापर्यंत अकरा अंगठे. नावं वेगळी, गावं वेगळी, वयं वेगळी. प्रत्येक ठशाच्या मधोमध एक आडवी पांढरी फट होती, विळ्याचा जुना घाव असल्यासारखी.

तेवढ्यात त्या मघाच्या बाईंनी माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. कपाच्या कानाशी त्यांचा डावा अंगठा होता. त्यावर आडवा वण होता.

मी कागदांकडे बघितलं, अंगठ्याकडे बघितलं, आणि किसनरावांनी मला बघताना बघितलं. ते म्हणाले, “रूपे, जा तिकडं, भांडे राहिले न्हवं.”

रूपाबाई मागच्या नळावर नळ्यांचे स्टँड धूत होत्या. मी तिथं गेले. गोरेगावच्या पिठाच्या गिरणीचं नाव सांगितल्यावर त्या ओळखीचं हसल्या. “त्या चक्कीवाल्याची पोरगी व्हय? तुज्या बापानं एकदा मपलं दळन दुसरीला दिलं होतं.”

“मावशी, रक्त कधीपासून देताय इथं?”

“पहिल्यांदा पेशंट म्हनून आले. मंग सायेब म्हनला, काम करती का, झाडू-फरशी, नळ्या धुनं. पुजाचं कालेज हितंच हाय, रूम करून राहिलो मायलेकी. तवापासून चालूच हाय. मुन्ना काढतो.” मुन्ना म्हणजे तिथला चाळिशीचा तंत्रज्ञ. “येका बारीला चार-चार नळ्या.”

“तुम्ही काही म्हटलं नाही?”

“काहून म्हनू? नांदेडला कवातरी एकदा घेतात, इथं आठ दिवसाला घेतात. म्हनलं, चांगली काळजी करून राहिलेत.”

त्यांनी बाह्या वर केल्या. उजव्या कोपराच्या आत हिरव्या-काळ्या डागांची रांग होती. मग डावी बाही. डावा हात मनगटापासून सुजलेला, कातडी ताणलेली, आणि कोपरात तेच डाग. ज्या बाजूचं ऑपरेशन झालंय त्या हाताला सहसा सुई लावू नये, हात सुजू शकतो, हे रक्त काढायला शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात सांगतात.

“या हातातून काहून?” माझ्या तोंडून गावचा शब्द निघाला.

“उजव्याच्या शिरा बसल्या. मुन्ना म्हनला, मावशी, रक्त काय डावं-उजवं असतंय का. म्हनलं, बराबर हाय.”

नळाचं पाणी वाहत होतं, ते त्यांनीच बंद केलं.

“आणि अंगठा? तुम्हाला लिहिता येत नाही?”

हा प्रश्न त्यांना लागला. “न यायला काय झालं? सही येती मला. सायेब म्हनला, सही केली तं ती तपासायला वर पाठवावी लागती, अंगठा बरा. किती कागदं होते. म्हनलं, दवाखान्याचे कागदं जास्तीच असतात.” मग जरा जवळ येऊन त्यांनी विचारलं, “पोरी, मपला रिपोर्ट तुज्याकडं हाय का? इचारलं की सायेब म्हनतो, येऊन राहिला. सहा महिने झाले, येऊनच राहिला.”

त्यांचा रिपोर्ट माझ्याकडे होता. अकरा वेळा होता, आणि त्यांच्या नावानं एकदाही नव्हता. ज्या एकीला तो हवा होता, तिच्याच दहा प्रती काढून या लोकांनी तिला त्यात पुरून टाकलं होतं.

मी विचारलं, गोळीशिवाय आणखी काय घेता? आग होते म्हणून सायबांनी दिलेली गोळी, त्या म्हणाल्या, आणि कमरेच्या पिशवीतून पाकीट काढलं. “ह्यानं आग कमी होती, झोप बी लागती. सायेबाच्या भावाचं मेडिकल हाय, तिथून आनून देतो.”

पाकिटावरचं नाव वाचलं: पॅरोक्सेटिन. मनाच्या आजारावरची गोळी, आगीवरही देतात. पण टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला ती देत नाहीत, कारण यकृतातलं ते उकडण्याचं काम हीच अडवते. आमच्या अभ्यासाच्या नियमांत टाळायच्या औषधांची यादी आहे, तिच्यात हे नाव वरतीच आहे. ती यादी किसनरावांच्या खुर्चीमागे भिंतीवर चिकटवलेली होती. इंग्रजीत.

मी रूपाबाईंना हळदीचं उदाहरण देऊन सांगितलं. एकदाच सांगावं लागलं. वसमतकडं हळद उकडायच्या कामाला त्या चार हंगाम गेल्या होत्या.

“म्हंजे इकडून मी कच्ची हळद टाकून राहिले,” त्या सावकाश म्हणाल्या, “आन् ह्यानं कढईखालचा जाळच काढला.”

“तसंच. पण ही गोळी आज एकदम बंद करू नका, त्यानंही तकलीफ होते. नांदेडच्या डॉक्टरांना दाखवा, ते हळूहळू कमी करतील. मी मोजलेला आकडा त्यांच्यापर्यंत पोचला पाहिजे.”

“मंग पोचव की.”

अडचण तिथंच होती. सातवा क्रमांक रूपाबाईंचा आहे असं कागद सांगत होता, पण आठपासून सतरापर्यंत तेच रक्त दुसऱ्या दहा जणींचं आहे असंही कागदच सांगत होता. लबाडी उघड झाली की प्रयोगशाळा अकराच्या अकरा नमुने खोटे म्हणून काढून टाकणार. खोट्याबरोबर त्यांचा खरा आकडाही जाणार. तो वाचवायचा तर कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं, की हे सगळं रक्त माझंच. आणि असं लिहून देणारी बाई खोट्या कागदांवर अंगठे लावणारी ठरणार.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. लपवलं नाही. केंद्रातलं काम जाईल, हेही सांगितलं.

त्यांनी विचारलं, “दुसऱ्या दहा जनी कोन?”

मी नावं वाचली. नीलाबाई. शिला. पाचव्या नावाला त्यांनी मला थांबवलं. “ही तं मपली जाऊ, आन् ह्या साऱ्या आमच्या तांड्याच्या. गावं तेवढी झूट लिवलीत. सायेबानं इचारलं होतं, तांड्यावर बाया कोन कोन हायेत, शिबिर घ्यायचंय. मी बसून येकेकीचं नाव सांगितलं.” त्यांनी धुतलेला स्टँड खाली ठेवला. “नीलाबाईला साधा ताप येत न्हाई. तिला ह्यांनी सुपारी लावली.”

आम्ही दोघी आत आलो. मी साध्या कागदावर मराठीत चार ओळी लिहिल्या आणि त्यांना वाचून दाखवल्या. किसनराव ऐकत होते. बशी त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती.

“मॅडम, तुमी शिकलेलं मानूस,” ते शांतपणे म्हणाले. “ही अंगठाबहाद्दर बाई. हिला काय वाचून दाखवलं न् काय लिवलं, कोन बघतंय? अंगठा तं ही कुटं बी लावती. ह्याच टेबलावर लावलेत.”

मुन्ना दारात उभा होता, तो खाली बघून हसला.

रूपाबाईंनी माझ्या हातातला पेन घेतला. टेबलावर पोह्याचा तेलकट डाग होता, तो आधी पदरानं पुसला. मग कागद सरळ ठेवून वाकून सही केली. रू, मग पा. वरची रेघ शब्द संपल्यावरही पुढं जात राहिली, कागदाच्या कडेपर्यंत गेली.

“सायेब,” त्या म्हणाल्या, “हिला तपासायला वर पाठवा.”

किसनरावांनी बशी खाली ठेवली.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी कागद, ठशांचे फोटो, वहीचे फोटो सगळं संतराम सरांपुढे ठेवलं. त्यांनी दोन दिवस घेतले. अहवालात एक ओळ आली: ‘क्रमांक सात ते सतरा, प्रशासकीय कारणास्तव वगळले.’ प्रशासकीय कारण. सुजलेल्या हातात सुई घालणं, औषध कच्चं ठेवणारी गोळी रूपाबाईंनाच विकणं, दहा धडधाकट बायांना कागदावर कॅन्सर लावणं, सगळं त्या दोन शब्दांत मावलं. केंद्राचं काम आमच्याकडून बंद झालं, केंद्र बंद झालं नाही. महिन्याभरात पाटी रंगवून नवी लावली. किसनरावांचा मला फोन आला होता. “राग मानू नका मॅडम. बाईला बी सांगा, यायचं आसंल तं काम हाय.” त्या आवाजात खरोखर माया होती. मला वाटतं सगळ्यात जास्त किळस मला त्या मायेचीच आली.

रूपाबाईंचं सही केलेलं पत्र मी सातव्या क्रमांकाच्या आकड्याला जोडून नांदेडच्या डॉक्टरांकडे स्वतः नेऊन दिलं. मला तसा अधिकार नव्हता. त्याबद्दल लेखी समज मिळाली आहे. डॉक्टरांनी आगीची गोळी हळूहळू कमी करून बंद केली, दुसरी दिली. आग थोडी वाढली. रूपाबाईंनी हिंगोलीच्या बाजारपेठेत, मोंढ्यात, हळद निवडायचं काम धरलं आणि ओला पदर परत मानेवर आला.

चार महिन्यांनी नांदेडला, उजव्या हातातून, एक नळी रक्त घेतलं. एकच. मी ते स्वतः मोजलं. सात पूर्णांक नऊ दशांश.

रिपोर्ट द्यायला मी हिंगोलीला गेले. मोंढ्याबाहेरच्या नालीपाशी त्या तंबाखू मळत बसल्या होत्या, हात मनगटापर्यंत पिवळे. रिपोर्टवर क्रमांक नव्हता, पूर्ण नाव होतं. त्यांनी ‘रूपा’ एवढं वाचलं, त्यावर बोट ठेवलं, मग पुढच्या अक्षरांवरून बोट नेलं. आकडा मी वाचून दाखवला. पोचते, मी सांगितलं, आता गोळी पोचते.

“बराबर,” त्या म्हणाल्या. कागदाची घडी घालून पोलक्यात ठेवली. मग विचारलं, “नीलाबाईचं नाव खोडलं का?”

“नाही. ते कागद कपाटात आहेत. वगळले, एवढंच लिहिलंय.”

“म्हंजे ती अजून बिमारच हाय.”

“कागदावर.”

त्यांनी तोंडातली तंबाखू नालीत थुंकली आणि उठल्या. हात झटकले, पण हळद तशी जात नाही.

“सेनगावची जीप चारला हाय,” त्या म्हणाल्या. “तांड्यावर चल मपल्यासंगं. दहा जनीला सांगू आदी. मंग साऱ्या मिळून येऊ तुज्या कपाटापाशी. सह्या शिकवते मी त्यांला तवर.”